‘पानी’ म्हटले तर चुकले काय?



अक्षरओळख झाली की माणसाला भाषेविषयी प्रश्न पडू लागतात. आधी ते पडत नाहीत. आपण श्वास घेतो तसे बोलतो, त्याकडे लक्ष कोण देतो? पण तोच शब्द कागदावर उमटला म्हणजे डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि मग मनात येते, हा असाच का? रात्रीच्या वर्गात मला असे पुष्कळ प्रश्न विचारले जातात. त्यांतले काही येथे घेतले आहेत. सगळ्यांची उत्तरे सारखी लांब नाहीत. काही प्रश्नच मोठे आहेत.

पहिला प्रश्न नेहमीचा. “गुरुजी, एवढंसं पोर न शिकवता बोलायला लागतं. मग मला लिहायला एवढा घाम का फुटतो? माझं डोकं जड आहे काय?”

तुमचे डोके मुळीच जड नाही. बोलणे आणि लिहिणे या दोन गोष्टी एका जातीच्या नाहीत. बोलणे माणसाच्या अंगातच आहे. मूल वर्षाचे झाले की एखादा शब्द बोलते. चार-पाच वर्षांचे झाले की ‘घोडा आला, घोडी आली, घोडे आले’ हे बिनचूक म्हणते. घोडी म्हटले की ‘आली’ म्हणावे, असे त्याला कोणी सांगितलेले नसते. आईला विचारलेत तर तिलाही नियम सांगता येणार नाही. ती फक्त बोलते, आणि मूल ऐकून नियम आपला आपण काढते.

याचा पुरावा घरातच आहे. लहान मूल म्हणते, “आई, मुंगी मरली.” आपण हसतो, कारण आपण ‘मेली’ म्हणतो. पण त्या मुलाने ‘मरली’ शब्द ऐकला कोठे? बहुधा कोठेच नाही. त्याने धरली ऐकले, भरली ऐकले, सरली ऐकले, आणि हिशेब केला, धर-धरली, भर-भरली, तर मर-मरली. हिशेब बरोबर आहे, भाषाच तेवढी आडवळणाची. तेव्हा मूल पोपटासारखी नक्कल करत नाही, ते डोके चालवते.

मध्य अमेरिकेत निकाराग्वा नावाचा देश आहे. तेथे १९७७ नंतर बहिऱ्या मुलांच्या शाळा निघाल्या. आधी ही मुले आपापल्या घरी एकेकटी होती. ती एकत्र आल्यावर हातांच्या खुणांनी आपसांत बोलू लागली. नंतर आलेल्या लहान मुलांनी त्या खुणांना नियम लावले, आणि पाहता पाहता पुरी नवी भाषा तयार झाली. शिक्षकांना ती येत नव्हती. चार मुले एकत्र आली की भाषा उगवते, ती अशी.

लिहिण्याचे तसे नाही. ते नांगरासारखे किंवा चाकासारखे माणसाने शोधून काढले आहे, आणि शोधलेली वस्तू ज्याला त्याला शिकावीच लागते. जगातले सर्वांत जुने लिखाण आजच्या इराक देशात सापडले. ते पाच हजार वर्षांहून जुने आहे. ओल्या मातीच्या चपट्या वड्या करून त्यांवर खुणा कोरलेल्या आहेत. त्या खुणांत काय असावे? देवाची स्तुती? राजाचा पराक्रम? नाही. धान्याचा आणि मेंढरांचा हिशेब! कोणाचे किती आले, कोणाला किती दिले. लिहिणे आधी जन्मले ते शेतमालाच्या हिशेबापोटी. तेव्हा शेतकऱ्याने पाटी हाती धरली तर त्यात नवल काय? त्याच्याच घरची वस्तू ती.

आपल्याकडेही जुन्नरजवळ नाणेघाटात खडकात कोरलेला लेख आहे. सातवाहन राजांच्या वेळचा, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात यज्ञांची दक्षिणा मांडली आहे. गाई इतक्या, घोडे इतके, नाणी इतकी. भाषा प्राकृत आणि लिपी ब्राह्मी. त्या ब्राह्मीचीच अक्षरे बदलत बदलत आजची देवनागरी झाली, जी तुम्ही या घडीला वाचता आहात.

येथे एक घोटाळा मोडून टाकू. भाषा आणि लिपी एक नव्हे. भाषा तोंडात असते, लिपी कागदावर. एकाच देवनागरीत मराठी, हिंदी, नेपाळी आणि संस्कृत लिहितात. उलट कोकणी ही एकच भाषा देवनागरीत लिहितात, रोमन लिपीत लिहितात, आणि कर्नाटकात गेलेले कोकणी लोक कानडी लिपीतही लिहितात. मराठीचेही पूर्वी तसेच होते. सरकारी कागद, सावकाराच्या वह्या, जमिनीची खते मोडी लिपीत असत. आधी कागदभर ओळ आखायची आणि मग हात फारसा न उचलता भराभर लिहीत जायचे. १९५० च्या सुमारास शाळांतून मोडी गेली. आता पणजोबांचे खरेदीखत पेटीतून निघाले की घरातला शिकलेला मुलगाही ते वाचू शकत नाही. वास्तविक त्यातली भाषा त्याचीच असते. मोडी जाणणाऱ्याने मोठ्याने वाचून दाखवले की सगळे कळते. म्हणून असे कागद ‘वाचता येत नाही’ म्हणून फेकू नयेत, आणि ते कोणा परक्याच्या हाती देऊनही टाकू नयेत. आधी जाणत्याकडून वाचून घ्यावेत.

जाता जाता सांगतो. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ असा भेद बहुधा पाळत नसत. ‘पहिली वेलांटी की दुसरी’ या प्रश्नाने तुमची झोप उडते ना? मोठमोठ्या कारभाऱ्यांची उडत नसे.

आता खरा अवघड प्रश्न. “आमचं बोलणं अशुद्ध आहे काय?”

एक बाई वऱ्हाडातून आमच्या भागात सून होऊन आल्या. त्या ‘पानी’ म्हणत आणि शेजारणी हसत. शेवटी त्या चारचौघांत बोलेनाशा झाल्या. वर्गात पाटीवर मात्र सुरेख लिहीत. अशी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. शाळेतही हेच होते. मूल पहिल्या दिवशी आपल्या घरच्या बोलीत काही सांगते, वर्ग हसतो, आणि ते पोर पुढे चार वर्षे तोंड उघडत नाही. मग आपणच म्हणतो, मुलगा मठ्ठ आहे. म्हणून या ‘पानी’चा निकाल नीट लावू.

संस्कृतात पाण्याला ‘पानीय’ असा एक शब्द आहे. पानीय म्हणजे पिण्याजोगे. त्यात ‘न’ आहे, ‘ण’ नाही. पुढे प्राकृत भाषांत त्या ‘न’चा ‘ण’ झाला आणि तोच मराठीत ‘पाणी’ म्हणून आला. हिंदीत ‘पानी’ राहिले. वऱ्हाडातली माणसे संस्कृत पाहून ‘पानी’ म्हणतात असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, एवढेच. पण ‘ण’ म्हणजे शुद्ध आणि ‘न’ म्हणजे बाटलेला, हा हिशेब टिकत नाही. ज्या ‘पाणी’ला आपण शुद्ध म्हणतो, ते संस्कृत पंडिताच्या कानाला एके काळी बिघडलेलेच वाटले असेल.

दर बारा कोसांवर भाषा बदलते, ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. पुण्याकडे ‘मला’ म्हणतात, वऱ्हाडात ‘मले’, खानदेशात अहिराणी बोलणारे ‘माले’, मालवणकडे ‘माका’. वऱ्हाडात डोळ्याचा ‘डोया’ होतो, आगरी लोकांत ‘डोला’. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो’ म्हणतात आणि पुण्याच्या माणसाला वाटते, या बाई चुकल्या. त्या चुकत नाहीत. तेथल्या सगळ्या बायका तसेच म्हणतात, सकाळी म्हणतात आणि संध्याकाळीही म्हणतात. चूक अशी नेमाने होत नसते. जे नेमाने होते तो नियम. प्रत्येक बोलीला असे आपले नियम आहेत, फक्त ते कोणी छापले नाहीत.

मग पुस्तकातली भाषा कोठून आली? पूर्वी एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळत नसे. घरात चालून जाई, पण बाजारात भांडणे होत. म्हणून १९५६ साली कायदा झाला आणि पुढे सगळीकडे किलो आला. किलो शेरापेक्षा पवित्र होता म्हणून नव्हे, सगळ्यांनी एक माप मानले म्हणून. पुस्तकी मराठीचे असेच आहे. इंग्रजांच्या अमलात शाळा निघाल्या, पुस्तके छापायची वेळ आली. १८३१ साली मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८३६ साली दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण निघाले. त्या वेळी पुण्याकडच्या शिकलेल्या मंडळींचे बोलणे माप म्हणून धरले गेले. पुणे पेशव्यांची राजधानी होती, शिकलेले लोक तेथे होते, म्हणून तसे झाले. राजधानी नागपूरला असती तर आज शाळेत ‘मले’ शिकवले असते, आणि पुणेकर पोरे छडी खात बसली असती!

आणि हे मापही बदलते. पूर्वी ‘गांव’, ‘नांव’, ‘केलें’ असे डोक्यावर टिंब देऊन लिहीत. मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे १४ नियम केले, सरकारने ते १९६२ साली मान्य केले, आणि ही टिंबे गेली. १९७२ साली आणखी ४ नियम आले. काल टिंब दिले नाही म्हणून गुण कापत, आज दिले म्हणून कापतात.

याचा अर्थ मनाला येईल तसे लिहावे असा नाही. अर्ज, पत्र, पावती लिहिताना सगळ्यांचे माप वापरावे, त्यात आपलेच हित आहे. ‘मन’ आणि ‘मण’ यांत एका अक्षराचा फरक, पण एक काळजात असते आणि दुसरे काट्यावर. कागदावर दोन मण धान्य लिहायचे तर ‘ण’च हवा. घरात, शेतात, ओवीत मात्र आपली बोली बिनदिक्कत बोलावी. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, घरकाम करताना त्या आपल्या खानदेशी बोलीत गाणी रचत. ती मुलाने आणि नात्यातल्या माणसांनी लिहून ठेवली, आणि त्यांच्या मागे १९५२ साली पुस्तकरूपाने आली. आचार्य अत्र्यांसारखा मातब्बर लेखक ती ऐकून थक्क झाला. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. बहिणाबाईंनी आधी पुस्तकी भाषा शिकून मग गाणी करायची ठरवली असती तर आपण काय गमावले असते, याचा विचार करावा.

दुसरे गृहस्थ विचारतात, “आपले सगळे शब्द आपलेच का?” यांनी आधी चुलीपाशी जाऊन बसावे. बटाटा, काजू, कोबी, पाव हे शब्द पोर्तुगीज लोकांबरोबर आले. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, १५१० साली गोवा त्यांच्या हाती गेला. त्यांनी अमेरिकेतली पिके इकडे आणली. चावी, पगार, घमेले, लिलाव, तुरुंग हेही त्यांचेच शब्द.

पण मौज मिरचीची आहे. मिरची अमेरिकेतली. ती येण्याआधी आपल्या कालवणाला तिखटपणा यायचा तो मिऱ्यांनी आणि आल्याने. शिवारात ही नवी तिखट वस्तू आली तेव्हा लोकांनी परके नाव घेतले नाही. ‘मिरी’वरून ‘मिरची’ केले. भुईमूगही त्याच मुलखातला. त्याला नाव दिले, भुईतला मूग! हे नाव कोणा पंडिताने दिलेले नाही. कोणा शेतकऱ्याने जमीन उकरली, शेंग पाहिली आणि म्हटले. म्हणजे वस्तू परकी आणि नाव घरचे. आज भुईमूग परका आहे असे सांगितले तर कोणाला खरे वाटत नाही, ते या नावामुळे.

कचेरीत गेलात तर दुसरेच पाहुणे भेटतात. जमीन, कागद, शाई, अर्ज, तारीख, तालुका, जिल्हा, वकील, मुदत, हक्क, वारस, जामीन, हे सारे अरबी-फारसीतून आले. शेकडो वर्षे राज्यकारभार फारसीत चालत असे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. त्यांनी ‘राजव्यवहारकोश’ करवला, म्हणजे कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले. पुढे स्वातंत्र्यवीर सावरकरांनीही दिनांक, महापौर असे शब्द दिले. त्यांतले काही रुजले. पण ‘जमीन’ आणि ‘वकील’ काही गेले नाहीत. माझे मत विचाराल तर जो शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला तो आपला झाला, त्याची जात विचारू नये. अडचण होते ती दोन्ही शब्द शेजारी राहतात तेव्हा. आपण ‘तारीख’ बोलतो आणि छापील अर्जात ‘दिनांक’ असते. दोन्ही एकच. नवे माणूस ‘दिनांक’पाशी अडते आणि म्हणते, वाचता येऊनही मला कळत नाही. त्यात तुमच्या वाचनाचा दोष नाही, तुमची त्या शब्दाशी ओळख नव्हती इतकेच. अशा वेळी ‘याचा अर्थ काय?’ म्हणून खिडकीपाशी खुशाल विचारावे. न कळलेल्या कागदावर मात्र सही करू नये. ‘सातबारा’चेही तसेच. तो काही अवघड शब्द नाही. गावच्या नमुना ७ आणि नमुना १२ या दोन तक्त्यांचा तो एकत्र उतारा, म्हणून सात-बारा.

आकड्यांचा प्रश्न प्रौढ वर्गात फार छळतो. आपण ‘बावन्न’ म्हणतो. कानाला आधी ‘बा’ म्हणजे दोन ऐकू येतात, मग पन्नास. लिहिताना मात्र आधी ५ काढायचे, मग २. म्हणून ५२ चे २५ होतात. बँकेच्या चिठ्ठीवर हे झाले तर केवढा घोटाळा! ही खोड मराठीची एकटीची नाही. हिंदी, गुजराती, बंगाली यांतही असेच आहे, आणि जर्मन लोकही पंचविसाला ‘पाच आणि वीस’ म्हणतात. सोलापूर-सांगलीकडच्यांनी शेजारच्या कानडी माणसाला विचारावे. तो आधी वीस म्हणतो, मग पाच. पुढे ‘एकोणीस’ घ्या. म्हणजे एक उणे वीस. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणनव्वद, सगळीकडे हाच नेम. आणि नव्व्याण्णव आले की नेम मोडला! तेथे नऊ आणि नव्वद. २०१९ साली ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असेही म्हणायला दिले, तेव्हा राज्यभर वाद झाला. मला त्यात भाषा बुडण्यासारखे काही दिसत नाही. ज्याचे आकडे उलटे होतात त्याने मनात ‘पन्नास दोन’ म्हणून लिहावे आणि तोंडाने ‘बावन्न’ म्हणावे.

एकाने विचारले, जनावरांना भाषा असते का? कोंबड्यांकडे लक्ष द्या. वर घार दिसली तर कोंबडा एक आवाज काढतो, जमिनीवरून मांजर आले तर दुसरा. पिलांना दोन्ही कळतात. पण ‘काल घार आली होती, उद्या जपून राहा’ हे कोणत्याही कोंबड्याला सांगता येत नाही. ते माणसालाच येते.

शेवटचा प्रश्न भाषांच्या नात्यागोत्याचा आहे. हिंदी, गुजराती, बंगाली या मराठीच्या बहिणी. लांबून पाहिले तर इंग्रजीही चुलत घरातली निघते. म्हणून आपले नाव तर त्यांचे नेम, आपले नऊ तर त्यांचे नाइन, आपला दात तर त्यांचा डेंटिस्ट. गोंडी मात्र तेलुगू-कानडीच्या कुळातली. मेळघाटातली कोरकू दूर झारखंडाकडच्या संताळी-मुंडारीच्या कुळातली. आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला काही गावांत निहाली नावाची भाषा आहे. तिचे नाते जगातल्या कोणत्याच भाषेशी जुळत नाही. ती बोलणारी माणसे दोन-अडीच हजार उरली आहेत.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख निघाले. तेव्हा मराठीची काळजी वाटायचे कारण नाही, पण निहालीची आहे. अंदमान बेटांवर ‘बो’ नावाची भाषा होती. ती बोलणारी शेवटची म्हातारी जानेवारी २०१० मध्ये वारली. अनेक वर्षे तिच्याशी त्या भाषेत बोलायला कोणी उरले नव्हते. भाषा अशी मरते. पोरे हसतात म्हणून आई बोलत नाही, आई बोलत नाही म्हणून पोरांना येत नाही, आणि दोन पिढ्यांत सारे आटोपते.

शब्दही असेच जातात. मोट गेली. तिच्याबरोबर नाडा, सोल, धाव, थारोळे हे शब्द चालले. लाकडी नांगराबरोबर रुमणे आणि हळस चालले. पायली, अधोली, मापटे, चिपटे आता कितीजण ओळीने सांगतील? शहरातल्या शिकलेल्या माणसाला हे शब्द ठाऊक नाहीत, मग तो लिहिणार कोठून? तुम्हाला ते ठाऊक आहेत, आणि आता लिहिताही येते. पुढच्या आठवड्याला वहीचे एक पान घ्या. तुमच्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि त्यांच्या तोंडचे दहा शब्द, जसे ते बोलतील तसेच, ‘न’ असेल तर ‘न’ आणि ‘य’ असेल तर ‘य’, लिहून वर्गात आणा.